सदतीस त्रुटी आणि एक गाऊन

मी सिनेमा काढला त्याला आता दीड वर्ष होऊन गेलं, आणि अजूनही अंबरनाथला भाजी घेताना कोणी ना कोणी मला थांबवून त्यातली चूक सांगतं. परवा मेथीची जुडी हातात होती, तेवढ्यात एक अनोळखी गृहस्थ जवळ येऊन म्हणाले, "तुमच्या पिक्चरमधला खून झालेला माणूस श्वास घेत होता बरं का." मी म्हटलं, माहीत आहे. ते म्हणाले, "पोट हलत होतं." मी म्हटलं, अहो माहीत आहे, मीच शूट केलंय. मेथी तिथेच टाकून घरी आलो आणि बायकोची बोलणी खाल्ली. माझा स्वभाव तापट आहे, कबूल. पण प्रेताचं पोट हलत होतं हे एकाच माणसाने किती जणांकडून ऐकून घ्यायचं?

मी एमआयडीसीतल्या एका इंजिनीअरिंग कंपनीत क्वालिटीला आहे. मालात खोट निघाली की तिचा कागद करायचा, कारण लिहायचं, उपाय लिहायचा आणि सह्या घेत फिरायचं. वीस वर्षं लोकांच्या चुका लिहिल्यावर मला वाटलं, आता आपणही काहीतरी स्वतःचं करावं. सिनेमा करायचा ठरलं, तेही नॉयर. आईने विचारलं, "नॉयर म्हणजे काय रे?" मी सांगितलं, त्यात सगळी माणसं थोडीफार वाईट असतात, कोणी कोणावर विश्वास ठेवत नाही आणि सारखा धूर असतो. आई म्हणाली, "म्हणजे तुझी कंपनी."

बाबांनी काहीच विचारलं नाही. माझे वडील दुसऱ्या एका कारखान्यातून इन्स्पेक्शनचे प्रमुख म्हणून रिटायर झाले. त्यांच्या जगात कुठल्याही वस्तूचे तीनच निकाल असतात. स्वीकृत, दुरुस्ती आणि भंगार. त्यातला पहिला निकाल मी घरात कधी ऐकला नव्हता. माझा दहावीचा निकाल दुरुस्तीत गेला. माझ्यासाठी मुलगी बघायला गेलो तेव्हा त्यांनी आधी खुर्ची हलवून पाहिली आणि मुलीच्या वडिलांना सांगितलं की मागचा डावा पाय आखूड आहे. आईची पोळी ते आजही खिडकीकडे धरून बघतात आणि मगच मोडतात. आमटीबद्दल तर बोलायलाच नको. चाळीसेक वर्षं आमच्या घरची आमटी रोज दुरुस्तीत आहे.

आमची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारची, त्यामुळे शूटिंग फक्त शुक्रवारी. हिरो म्हणजे डिटेक्टिव्ह, माझाच मित्र, आमच्याकडे शिफ्ट सुपरवायझर आहे. पोट बऱ्यापैकी आहे, पण चेहऱ्यावर कायम तिसरी पाळी करून आल्याचा भाव, तो मला फुकटात मिळाला. त्याला लांब कोट हवा होता. उल्हासनगरला एक सिंधी शिंपी आहेत, लग्नाच्या शेरवान्या शिवतात, सगळे त्यांना मास्टर म्हणतात. ते म्हणाले, "साईं, कोट मैं देता हूँ, रोल तुम दो." त्यामुळे मास्टर व्हिलन झाले. कोट झकास झाला, फक्त त्याला आतून शेरवानीचं जरीचं अस्तर होतं. मे महिन्यात पालेगावच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये, खिडक्यांना काळं प्लास्टिक लावून आम्ही भर दुपारी रात्र तयार करायचो. हिरो घामाने निथळून कोटाची बटणं सोडायचा, की लगेच आतून वरात बाहेर यायची.

सिनेमा कृष्णधवल का केला, तेही सांगून टाकतो. अर्धं शूटिंग झाल्यावर सोसायटीच्या सेक्रेटरींनी आमची पिस्ता रंगाची बिल्डिंग गुलाबी करून टाकली. डिटेक्टिव्ह हिरव्या जिन्याने चढायचा आणि गुलाबी जिन्याने उतरायचा. मी चिडून सेक्रेटरींशी भांडायला गेलो, ते फारच नरमले आणि म्हणाले, बोला, काय मदत करू. मी त्यांना प्रेताचा रोल दिला. पोट त्यांचंच.

खुनाचा कट रचणारी मोहिनी म्हणून बायकोशिवाय कोणीच तयार होईना. ती बँकेत आहे, बोलणं धारदार आहे, मला काही वेगळं शिकवावं लागलं नाही. पण अट घातली. सासू-सासऱ्यांच्या घरात हातात सिगरेट धरणार नाही, पेटलेली नाही आणि विझलेलीही नाही. मी म्हटलं, अगं, धूर कुठून आणू? तिने देवघरातून अगरबत्ती आणली. अख्ख्या सिनेमात ती बाई दोन बोटांत अगरबत्ती धरून पुरुषांना नादी लावते. बाहेरच्या दृश्यांतला धूर मात्र अस्सल होता, डासांच्या फवारणीची गाडी आली की आम्ही तिच्या मागे धावायचो.

आता त्या दृश्याकडे येतो.

आमच्याच घरच्या स्वयंपाकघरात तिघं टेबलाशी बसून खून ठरवतात. माझी बायको, मास्टर आणि हिरो. सहा मिनिटांचा एकच सलग शॉट. आईला गॅलरीत बसवलं होतं आणि बजावलं होतं की काही झालं तरी आत यायचं नाही. पण बाबा साडेबाराला जेवतात, म्हणजे साडेबाराला, त्यामुळे आईने गॅलरीत जाण्याआधी डाळीचा कुकर चढवून ठेवला होता. मला पत्ता नव्हता. सतराव्यांदा शॉट चालू केला आणि पहिल्यांदाच सगळ्यांना सगळं आठवलं. मास्टरांचं मराठीही सुधारलं. मी श्वास रोखून बघतोय, आणि कुकरची शिट्टी झाली. मग दुसरी. तिसरी झाली तशी आई आली. अंगात घरातला फुलाफुलांचा गाऊन, वर ओढणी. चवड्यांवर चालत डिटेक्टिव्ह आणि मोहिनीच्या बरोबर मधून गेली, गॅस बंद केला, परत येताना बायकोच्या अगरबत्तीची राख टेबलावर पडतेय हे पाहून खाली एक स्टीलची वाटी सरकवली आणि तशीच चवड्यांवर निघून गेली. चवड्यांवर चाललं की माणूस दिसत नाही असा तिचा समज असावा. मी सगळ्यांना आधीच दम दिला होता की मी थांब म्हणेपर्यंत जो थांबेल त्याची खैर नाही, त्यामुळे तिघंही न थांबता खून ठरवत राहिले. मीही थांब म्हटलं नाही. एवढा चांगला शॉट पुन्हा मिळाला नसता. मनात म्हटलं, लोक गोष्टीत गुंगलेले असतील, कोणाच्या लक्षात येतंय.

पहिला खेळ बदलापूरला एका छोट्या हॉलमध्ये ठेवला, शुक्रवारी सकाळी अकराला, कारण येणारे निम्मे लोक एमआयडीसीतले. प्रतिक्रिया लेखी घ्यायच्या ठरल्या. फॉर्म नव्याने कोण बनवणार, म्हणून मी कंपनीतलाच त्रुटी अहवालाचा नमुना घेतला. वरचं कंपनीचं नाव काढलं, 'मालाचे नाव' काढून 'चित्रपटाचे नाव' केलं. खालची एक ओळ काढायची राहिली. कोणताही रकाना रिकामा ठेवू नये.

ही ओळ दुसऱ्या कुठल्या गावात कोणी वाचलीही नसती. आमच्याकडे ऑडिटच्या धास्तीत आयुष्य काढलेली माणसं. त्रुटी, संभाव्य कारण, सुधारात्मक उपाय, निकाल असे चार रकाने होते, ते प्रत्येकाने इमानेइतबारे भरले. ज्यांना सिनेमा आवडला त्यांनीही शोधून शोधून त्रुटी काढली, कारण रकाना रिकामा कसा ठेवणार? आमच्या स्टोअरच्या माणसाने लिहिलं, त्रुटी : प्रेत हलते. कारण : प्रेत जिवंत आहे. उपाय : प्रेत बदलणे. बायकोच्या बँकेतल्या एकीने लिहिलं, त्रुटी : अगरबत्ती लवकर संपते. उपाय : धूपकांडी वापरावी. मास्टरांनी स्वतः सिनेमात असूनही फॉर्म भरला, त्यांना फक्त कोट दिसला होता. "बाकी पिक्चर का पता नहीं, लेकिन कोट का फॉल देखा?" असं ते दारात उभे राहून सगळ्यांना विचारत होते.

आणि जवळजवळ प्रत्येक फॉर्मवर एक गोष्ट होती. गाऊनमधल्या काकू कोण?

हॉलमध्ये त्या दृश्याला जो हशा झाला तो मला अजून ऐकू येतो. गंभीर सिनेमाच्या सर्वांत गंभीर जागी लोक पोट धरून हसत होते. आई माझ्या पुढच्या रांगेत बसली होती, खास त्या दिवसासाठी ठेवलेली निळी साडी नेसून. हशा झाला तसा तिने पदर डोक्यावरून ओढून घेतला. मध्यंतरानंतर ती आत आलीच नाही. बाबांनी मात्र शेवटपर्यंत बघितलं आणि फॉर्म कोराच घडी करून खिशात टाकला. मी विचारलं तर म्हणाले, "एकदा बघून मी शेरा मारत नाही."

त्या खेळाला मुंबईहून एक समीक्षक आली होती, हिरोच्या ओळखीतली. एका वेबसाइटवर सिनेमांवर लिहिते, हुशार मुलगी. सोमवारी तिचं परीक्षण आलं. मी ते कंपनीच्या संडासात बसून वाचलं, कारण जागेवर वाचायची हिंमत नव्हती. तिने आमचं फार कौतुक केलं होतं. रंग नाकारण्याचं धाडस, असं तिने कृष्णधवलला, म्हणजे आमच्या पिस्ता आणि गुलाबी भिंतींना म्हटलं होतं. डासांचा धूर औद्योगिक शहराचा गुदमरलेला श्वास झाला होता. अगरबत्ती म्हणजे मोहिनीने प्रत्येक पुरुषाची आधीच केलेली उत्तरक्रिया. कोटाच्या जरीच्या अस्तरावर तर एक अख्खा परिच्छेद होता, त्यात डिटेक्टिव्हचं मोडलेलं लग्न तिला दिसलं होतं. ते मास्टरांना वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "शादी का माल था, मोडणार कैसे?"

शेवटच्या परिच्छेदात मात्र तिने झोडलं. स्वयंपाकघरातल्या दृश्यात गाऊन घातलेली एक बाई येऊन गॅस बंद करून जाते, हा अक्षम्य गलथानपणा आहे, त्याने सगळा ताण फुसकन निघून जातो, दिग्दर्शकाने ते दृश्य कापायला हवं. दोन दिवसांनी पुण्याच्या एका छोट्या महोत्सवातून फोन आला. परीक्षण वाचलंय, सिनेमा घ्यायचा विचार आहे, तेवढं बाईचं बघा आणि पुढच्या शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पाठवा. फोन स्पीकरवर होता आणि आई तिथेच शेंगा सोलत बसली होती.

"काढून टाक रे," ती म्हणाली.

तोपर्यंत तिचं बाहेर जाणं बंद झालंच होतं. खालच्या भजनी मंडळातल्या बायका तिला हिरॉईन म्हणायला लागल्या होत्या. त्या मायेनेच म्हणत असतील, पण आईला ते लागायचं. अख्ख्या बदलापूरने मला गाऊनमध्ये पाहिलं, हे ती दिवसातून चारदा म्हणायची. दोन पंजाबी ड्रेस आणवून घेतले आणि पोळ्या लाटतानाही तेच घालायला लागली. मी म्हटलं, अगं, आता शूटिंग नाही. म्हणाली, "तुझा काय भरवसा?" इथपर्यंत मला हसू येत होतं. पण फोन ठेवल्यावर ती शेंगांकडे बघत म्हणाली, "इतक्या वर्षांत एक गोष्ट तू मनापासून केलीस, आणि त्यात मी येऊन कडमडले." मला गलबलून आलं, आणि गलबलून आलं की मला जे होतं तेच झालं, मी तिच्यावर ओरडलो. काहीतरी बोलू नकोस, म्हणून. मग बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

आता करायचं काय? कापला तर अख्खा सहा मिनिटांचा शॉट जात होता, आणि खून कोणी ठरवला हेच प्रेक्षकाला कळत नव्हतं. पुन्हा शूट करावं तर लग्नसराई सुरू झालेली, मास्टरांना मान वर करायला सवड नाही, आणि हिरोने कुठल्याशा नवसापायी मिशी काढून टाकलेली. आईला पुसट करून पाहिलं, तर टेबलामधून एक पांढरं भूत तरंगत गेलं आणि त्याने वाटी ठेवली. बायको म्हणाली, याच्यापेक्षा गाऊन बरा. मला महोत्सव हवा होता, खोटं कशाला बोलू. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी परक्या माणसाने माझं काम मागितलं होतं. पण ते कापायला बसलं की आई चवड्यांवर चालताना दिसायची आणि माझा हात अडायचा.

त्या आठवड्यात बाबांनी टीव्हीचा ताबा घेतला. जेवण झालं की ते सिनेमा लावायचे, हातात रिमोट, मांडीवर वही, शेजारी त्यांचं जुनं स्टॉपवॉच. चार दुपारी हे चाललं. दर दोन मिनिटांनी थांबवायचे, मागे न्यायचे, काहीतरी लिहायचे. एकदा मला बोलावून विचारलं, "हा पाठलाग जांभूळ गावच्या रस्त्यावर सुरू होतो ना?" मी हो म्हटलं. "मग डावीकडे वळून उल्हासनगरच्या कॅम्पात कसा निघतो? असा रस्ता नाही." मी म्हटलं, बाबा, सिनेमात चालतं. ते म्हणाले, "रिक्षा कुठेच चालत नाही तिथून," आणि लिहून घेतलं.

शुक्रवार उजाडला. सकाळी साडेअकराला मी लॅपटॉप घेऊन टेबलाशी बसलो होतो, त्याच टेबलाशी. बायको समोर होती. मी तिला सांगितलं की कापतोय, जे होईल ते होईल, आईचीही तीच इच्छा आहे. आई डाळ लावून येऊन बसली आणि म्हणाली, "काप बाबा आणि मोकळा हो." तेवढ्यात बाबा आले. माझ्यासमोर कागद ठेवले. मूळ फॉर्म, त्याला मागे जोडलेली चार पानं, प्रत्येक पानावर सही आणि तारीख.

सदतीस त्रुटी होत्या. पहिली सिनेमाच्या नावात होती, म्हणून ते नाव मी इथेही सांगत नाही. सातवी प्रेताच्या पोटाची, किती सेकंदांत किती वेळा हललं त्यासह. बाराव्या त्रुटीत पिस्तूल म्हणून वापरलेल्या ड्रिल मशीनचा अचूक प्रकार लिहिला होता. मी भराभर वाचत सुटलो, कारण मला एकच त्रुटी शोधायची होती. ज्या माणसाने खुर्चीचा आखूड पाय सोडला नाही, तो गाऊन कसा सोडेल? सव्विसाव्या क्रमांकावर स्वयंपाकघर आलं. ते मी मोठ्याने वाचलं.

त्रुटी : तीन धडधाकट माणसे टेबलाशी बसून आहेत. कुकरच्या तीन शिट्ट्या होतात. एकही जण उठत नाही.

संभाव्य कारण : सवय.

सुधारात्मक उपाय : गॅस बंद करणाऱ्या व्यक्तीचा प्रसंग कापू नये. संपूर्ण चित्रपटात आपले काम वेळेवर आणि न सांगता करणारी ही एकच व्यक्ती आहे.

निकाल : स्वीकृत.

मी तो शब्द दोनदा वाचला. बायकोने खुर्चीवरून वाकून बघितला. आई म्हणाली, "आण इकडे," आणि चष्मा शोधायला लागली, तो तिच्या डोक्यावरच होता. बाबा घसा साफ करून म्हणाले, "बाकीचं दुरुस्तीत आहे. सिनेमा पास झालाय असं समजू नकोस."

सिनेमा मी त्याच संध्याकाळी आहे तसा पाठवला. महोत्सवाने घेतला नाही. मला वाईट वाटलं, दोन दिवस सगळ्यांवर खेकसलो आणि मग ते विसरलो.

पण त्या सकाळचं सांगायचं राहिलं. आईला चष्मा सापडला, तिने कागद हातात घेतला आणि एकेक अक्षर लावत वाचायला लागली. वाचून झालं की परत वरून सुरुवात. "अहो," ती मान वर न करता म्हणाली, "आमटीला कधी असं लिहिलं नाहीत." बाबा म्हणाले, "आमटीचं वेगळं आहे." तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. कोणी हललं नाही. दुसरी झाली. आई वाचतच होती. तिसरी झाली आणि मी सवयीने आईकडे बघितलं, बायकोनेही आईकडेच बघितलं. आईला शिट्टी ऐकूच आली नव्हती.

बाबा उठले. स्वयंपाकघरात कधी कशाला हात न लावणारा तो माणूस ओट्यापाशी गेला, गॅसच्या बटणांकडे दोन क्षण बघत राहिला आणि त्यातलं एक फिरवलं. ज्योत भसकन मोठी झाली. मग त्यांनी ते उलटं फिरवलं.